आकाश मुकं झालं त्या दिवसाची नोंद

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, एका बंदरात, गुडवेग बारा वर्षं मासे चिरत होती. त्याआधी बोटींचे रेडिओ संदेश घेणारी तिथली बिनतारी चौकी तिच्या हाती होती.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या मार्चमध्ये हालवर कप्तानाची बोट दूर बेअर बेटाच्या खडकावर चढली. दुसऱ्या बोटीला ती दोन दिवसांनी दिसली, तोवर ओडमुन नावाचा खलाशी थंडीने गेला होता. चौकशीत हालवरने सांगितलं, मी सारखा हाका मारत होतो, बाई जागेवरच नव्हती. गुडवेग शपथेवर सांगत राहिली की यंत्रात नुसती खरखर होती. कुणी मानलं नाही. नोकरी गेली. ओडमुनची आई तिला पाहून तोंड फिरवू लागली.

कारण तिने पुढे पुस्तकांतून शोधून काढलं. सूर्याकडून आलेल्या माऱ्याने पृथ्वीचं चुंबकत्व हादरतं, तेव्हा रेडिओच्या लहरींना परत खाली धाडणारा उंचावरचा थर विस्कटतो आणि त्याच्याखालची हवा लहरी गिळून टाकते. त्या दिवशी हालवरच्या यंत्रातही खरखरच असणार. म्हणजे दोष तिचा नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिने जुना रेडिओ घेतला आणि रोज तीन वेळा ऐकून, आवाज येतो की नुसती खरखर, ते वहीत लिहू लागली.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत हालवर तिच्या दारात आला. मासे कुठे सापडतात ते लपवायला याने अकरा तारखेला यंत्र मुद्दाम बंद ठेवलं, असा बोटीच्या मालकांचा आरोप होता. कप्तानकीचा परवाना जायची वेळ आली होती.

गुडवेगने त्याला बस म्हटलं नाही.

"अकरा तारखेला सगळंच मुकं होतं," ती म्हणाली. "लिहिलंय माझ्याकडे."

"मग दे ना, बाई. पाया पडतो."

"देते की. आधी शनिवारी दुकानात सगळ्यांसमोर सांग, सेहेचाळीसला खोटं बोललास म्हणून."

शनिवारी भर दुपारी, पिठाच्या पोत्यांपाशी उभं राहून त्याने सांगितलं. ओडमुनची आई तिथेच होती. गुडवेगने ती येण्याचीच वेळ निवडली होती. म्हातारी हातातली पिशवी तशीच ठेवून निघून गेली.

गुडवेगने शब्द पाळला, पान फाडून दिलं. परवाना वाचला. पण त्या हंगामात हालवरच्या बोटीवर चढायला एकही खलाशी तयार होईना. हे असंच होणार, हे तो दारात उभा होता तेव्हाच तिला कळलं होतं.

एप्रिलमध्ये त्याने बोट सोडली. ती बातमी आली त्या दिवशी गुडवेगने कॉड मासा उकडला, वर लोणी घातलं आणि सावकाश, पोटभर जेवली.