नळी कधी बदलावी, आणि नाना मिस्त्री

धुळ्याच्या आग्रा रोडवरील गॅरेजवाले श्री. दगाजी मिस्त्री, म्हणजे आपले सर्वांचे नाना, या महिन्यात साठ वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहावे असे समितीच्या चिटणिसांचे पत्र आले, तेव्हा मी आधी नकार कळवला. नानांविषयी आदराने लिहायचे तर त्यांनी मला दिलेल्या मनस्तापाविषयीही लिहावे लागेल, आणि तो बराच आहे. चिटणिसांनी तरीही लिहाच म्हणून गळ घातली.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी पारोळ्याला चार खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. वडिलांनी मला एक जुनी विलायती मोटार घेऊन दिली होती. ती मीच चालवीत असे. उन्हाळा लागला तशी ती वाटेत तापू लागली, म्हणून मी धुळ्याला नानांकडे नेली. कोणीतरी मला सांगितले होते की रेडिएटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळ्या जुन्या झाल्या की फुटतात. मी गाडीतून उतरताच म्हणाले, "नाना, दोन्ही नळ्या बदलून टाका."

नानांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. बॉनेट उघडले आणि म्हणाले, "आधी गाडी थंडी होऊ द्या."

दीड तास मी लाकडी बाकावर बसून राहिले. मग नाना आले, डोळे मिटून नळी बोटांनी टोकापासून टोकापर्यंत दाबत गेले, आणि म्हणाले, "नळ्या चांगल्या शेतस. नळीवरनी पट्टी ढिली व्हती, आवळी दिधी." माझ्याशी ते शहरी मराठी बोलू पाहत, पण मोटारीविषयी बोलताना अहिराणीवरच येत. मी पुन्हा नळ्या बदलायला सांगितले. त्यांनी बॉनेट लावून टाकले.

पुढची चार-पाच वर्षे हेच चालले. मी बदला म्हणायचे, ते नाही म्हणायचे. इतर गॅरेजवाले गिऱ्हाइकाने न मागता सामान बदलत. हे गृहस्थ मागूनही बदलत नसत. चांगल्या रबराची नळी मिळणे त्या दिवसांत मुश्किलीचे होते आणि जिवंत वस्तू फेकून देणे नानांना पाप वाटे, हे मला नंतर कळले. शिवाय मला ते नुसते नाही म्हणून सोडत नसत, शिकवत. बाहेर रोगी खोळंबलेले असत, आणि मी हाताला ग्रीस लावून नळी दाबत उभी असे. नळी गार असताना दाबायची. दाबली की लवली पाहिजे आणि सोडली की परत फुगली पाहिजे. जास्त पिकलेल्या केळासारखी मऊ लागली तर गेली. वाळक्या शेंगेसारखी करकरली तरी गेली. पट्टीजवळ फुगवटा किंवा पांढरट डाग दिसला तर पाणी झिरपते आहे असे समजायचे. खालची नळी तर गाडी वेगात असताना आतून ओढ बसून चपटी होते, म्हणून इंजिन चालू ठेवून तिच्याकडे बघायचे. हे सगळे मी डॉक्टरकीच्या परीक्षेइतके पाठ केले, आणि तरीही शेवटचा शब्द नानांचाच असे.

आता त्या दिवसाविषयी. चिटणिसांनी हा भाग गाळावा असे नम्रपणे सुचवले होते. मलाही ते पटले होते. पण नानांना हे कळले, तेव्हा ते बसने पारोळ्याला आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "बठ्ठं लिखा, बाई. नई त मनं नाव बी नको." म्हणून सगळेच लिहिते.

वैशाखातली गोष्ट. आठवड्यापूर्वीच मी धुळ्याला गेले होते आणि वरची नळी बदलायचा हट्ट धरला होता. नानांनी दाबून पाहिली आणि सांगितले, "नळी हाऊ उन्हाळा काढी लेई." त्यानंतर पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली सुभद्रा नावाची पहिलटकरीण बैलगाडीतून माझ्याकडे आणली गेली. दोन दिवस कळा देऊन ती थकली होती, मूल अडले होते. शस्त्रक्रियेखेरीज उपाय नव्हता आणि ती सोय माझ्याकडे नव्हती. तिला मागच्या सीटवर निजवले, तिच्या नवऱ्याला शेजारी बसवले आणि धुळ्याच्या रस्त्याला लागले. दुपारचे दोन वाजले असतील. निम्मी वाट गेली असेल नसेल, तोच बॉनेटखाली फट्कन आवाज झाला आणि काचेवर वाफेचा लोट आला. वरची नळी फुटली होती.

मी पातळाचा पदर फाडून नळीला गुंडाळला. पाणी तेवढ्यानेही राहिना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. सुभद्राचा नवरा एका बाभळीखाली तिला घेऊन बसला आणि वारंवार मला विचारत राहिला, "बाई, आजून किती येळ?" मी काय सांगणार? तासाभराने सरकीची पोती भरलेला एक ट्रक आला. ड्रायव्हरने पोती सरकवून जागा केली, आणि आम्ही तिला पोत्यांवर निजवून धुळ्याच्या दवाखान्यात नेले. सुभद्रा वाचली. मूल गेले.

त्याच संध्याकाळी मी नानांच्या गॅरेजमध्ये गेले. जे तोंडाला आले ते बोलले. नाना एवढेच म्हणाले, "मी हात लाईसन सांगं व्हतं." त्यांनी माझी गाडी ओढून आणवली आणि फुटलेली नळी उभी चिरली. बाहेरून ती धड होती. आतला थर मात्र सालपटासारखा सुटला होता. बोटांना बाहेरून ते कळणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी राग ओसरल्यावर मी त्यांना ते बोलून दाखवले. डॉक्टर म्हणून हेही सांगितले की निघतानाच बाळाचे ठोके मंदावले होते, वेळेवर पोचलो असतो तरी खात्री नव्हती. नाना म्हणाले, "तुमनं तुमनापाशी ठेवा. नळी मनी व्हती." म्हणजे नळीचा दोष त्यांचाच, मी त्यात वाटेकरी व्हायचे नाही.

मग त्यांनी ठरवले की सुभद्राच्या घरी जाऊन हे सांगायचे. मी परोपरीने अडवले. "त्यांना नळी म्हणजे काय तेही ठाऊक नाही," मी म्हणाले. "तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्यांना पुन्हा का जाळता?" हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो. पण सुभद्रा बरी होऊन घरी आल्यावर नाना गेले. सोबत कोणी हवे म्हणून मीही कपाळाला हात लावत गेले. ओट्यावर बसून त्यांनी सगळे सांगितले आणि चिरलेली नळीही दाखवली. सुभद्राच्या सासऱ्याने ती हातात घेऊन सुटलेल्या थरावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही येईसन सांगं. दुसरा कोन सांगतं?" आतून चहा आला. चहा सुभद्राच घेऊन आली होती. नानांनी कप घेतला, पण त्यांच्याने तो पिववला नाही.

तेव्हापासून नानांचा नियम बदलला, आणि त्यानंतर जो छळ सुरू झाला त्यापुढे आधीचा काहीच नव्हता. दोन उन्हाळे झाले की नळी काढायची, मग ती हाताला कशीही लागो. काढलेली नळी चिरून आतून पाहायची. रेडिएटरच्या पाण्यात काळे कण दिसले तर दोन उन्हाळ्यांचीही वाट पाहायची नाही. प्रत्येक गाडीत एक जास्तीची नळी आणि पाण्याचा डबा असलाच पाहिजे. जळगावकडच्या एका व्यापाऱ्याचा केळीने भरलेला ट्रक त्यांनी असाच अडवून धरला. नळी काढून खिशात घातली आणि ट्रकला जाऊ देईनात. व्यापारी शिव्या देत होता, केळी उन्हात काळी पडत होती. नवी नळी गावात मिळेना, तेव्हा अखेर नानांनी भाड्याने चालवायला ठेवलेल्या स्वतःच्या टॅक्सीची नळी काढून त्या ट्रकला बसवली आणि आठ दिवस टॅक्सी उभी ठेवली. माझ्याकडे तर ते महिन्यातून एकदा न बोलावता येत. मी बाळंतिणीपाशी असताना खिडकीतून विचारत, "बाई, किल्ली कोठे शे?"

पुढे दोन वर्षांनी सुभद्राला पुन्हा दिवस गेले. नानांना हे कोणी सांगितले देव जाणे. नववा महिना लागला तसे ते टॅक्सी घेऊन आले आणि माझ्या प्रसूतिगृहाच्या दारात मुक्काम ठोकला. रोज सकाळी बॉनेट उघडायचे, दोन्ही नळ्या दाबायच्या, पाणी बघायचे, बॉनेट लावायचे. मी सांगून थकले की दिवस अजून भरले नाहीत, गॅरेजवर गिऱ्हाइके बोंबलत असतील, तुम्ही घरी जा. आठव्या दिवशी सुभद्राचा दीर सायकलवर सांगत आला की पहाटे घरीच मुलगी झाली, सुईण पोचायच्या आधीच, आणि दोघी खुशाल आहेत. टॅक्सी एक फर्लांगही हलली नव्हती. नाना पायरीवर बसले आणि तोंडावर पंचा धरून रडले. मी त्यांना ओरडायला म्हणून बाहेर आले होते. त्यांच्या शेजारी बसले.

अशा या माणसाचा आपण गौरव करीत आहोत. चुकलो असे म्हणायला माझ्या धंद्यात फार थोडे लोक धजतात. मी स्वतः किती वेळा धजले, ते इथे लिहीत नाही. नानांना दीर्घायुष्य आणि उत्तम आरोग्य लाभो अशी शुभेच्छा सर्वांनी दिलीच असेल. माझे तेवढ्याने भागत नाही. गेले दोन महिने त्यांना जिने चढताना चक्कर येते असे त्यांच्या घरच्यांकडून समजले. तपासायला या म्हणून मी तीनदा निरोप धाडले. तिन्ही वेळा "येतो" म्हणाले, आणि आले नाहीत. तेव्हा नाना, हे वाचाल त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता रक्तदाबाचे यंत्र घेऊन मीच धुळ्याला येत आहे. घरीच थांबावे.