गोदावरीच्या तीरावरून मॅनस्क्वानला

पिस्कॅटवेच्या एका अपार्टमेंटात, फरशीवर वर्तमानपत्र पसरून, सुधाताई आणि मी नारळ खवत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळाची नारळी पौर्णिमा होती. नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या सुधाताई मुलाकडे राहायला येऊन महिनाच झाला होता. आमची ओळख त्या दुपारची.

“उद्या जायचं त्या किनाऱ्याचं नाव काय म्हणालात?”

“मॅनस्क्वान.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे बीच,” मी म्हटलं.

“अहो बाई, तीस वर्षं राहता ना इथे?” त्या हसल्या आणि माझ्या हातातली वाटी काढून घेतली. “द्या इकडे. पार करवंटीपर्यंत खवताय.”

तेव्हापासून मला सुधाताईंचा हेवा वाटत आला आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण गुळमुळीत लिहिलेलं त्यांनाच चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी वाळूत पाट मांडून आपण नेहमीसारखी गुरुजींची कॅसेट लावली. संकल्पात आपण कुठे बसून पूजा करतो आहोत ते सांगायचं असतं. ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असं आपण सगळे एका सुरात म्हणालो आणि ताईंनी कॅसेट बंद केली.

“समोर काय आहे?” त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

“अटलांटिक,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग देवाला खोटा पत्ता का देताय?”

त्या वर्षी नुसता नमस्कार करून नारळ वाहिला. किनाऱ्याचं नाव कुणी ठेवलं ते कळल्याशिवाय त्या संकल्प सांगणार नव्हत्या.

ताईंना ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून त्यांना लायब्ररीत न्यायला मी माझ्या मुलीला, रेवाला सांगितलं. रेवा इथेच जन्मलेली. माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे तिला मराठीची कधी गरजच पडली नव्हती. ताईंसमोर पडली. दर शनिवारी दोघी निघत, ताई पुढच्या सीटवर. मी सोबत गेले तर मागे, डबे सांभाळत. घरी पोहे झाकून ठेवावे तर ही ताईंकडून जेवूनच येई. एकदा मला म्हणाली, “ममा, आजींची वांगी थोडी तिखट होती.” चक्क मराठीत! आनंद व्हायचा तो राहिला बाजूला, माझ्या पोटात दुखलं.

नाव इथल्या मूळच्या लेनापे लोकांचं निघालं. हा सगळा मुलूख त्यांचा. त्यांना इथून हुसकावलं, तसे ते पश्चिमेकडे सरकत गेले. ताईंनी चिकाटीने ओक्लाहोमातल्या एका लेनापे आजींचा फोन मिळवला. स्पीकरवर त्या बोलत होत्या, रेवा मराठीत सांगत होती आणि मी चहा करत होते.

“आजी, त्या म्हणतात, मीनिंग तीन-चार सांगतात, पण शुअर कुणीच नाही. त्यांचे लोक समरमध्ये तिथे शिंपले गोळा करायला जायचे. आणि त्या विचारतात, कोकोनटचं तुम्ही काय करता?”

“सांग, समुद्राला देतो. अर्ध्या तासात तो परत आणून टाकतो.”

रेवाने ते सांगताच पलीकडच्या आजी इतक्या हसल्या की त्याचं मराठी करावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी ताईंनी संकल्प सांगितला: ‘लेनापेजनानां भूमौ, मॅनस्क्वाननद्याः मुखे, अटलांटिकसमुद्रस्य पश्चिमे तीरे.’ नावाच्या अर्थाची खात्री नव्हती, म्हणून तेवढा अर्थ त्यांनी सांगितला नाही. सर्वांत मोठ्याने त्यांच्यामागून म्हणत होती ती रेवा.

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताई आठवडाभर आमच्याकडे राहिल्या. तोवर वेगळी राहायला गेलेली रेवा रोज येई. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. एका सकाळी ताईंनी तिच्या हातात मऊ भाताची वाटी दिली. “जा, आईजवळ बस,” त्या म्हणाल्या. “कुणाची जागा कुठे, ते मला कळतं. भूगोलाची बाई आहे मी.” आणि दिवसभरासाठी मुलाकडे निघून गेल्या. हेवा वाटावा अशी माणसं अशीच असतात. रागही धड धरू देत नाहीत.

सुधाताईंना भरपूर आयुष्य मिळो, पाय चालते राहोत, आणि आम्हाला न सुचणारे प्रश्न त्यांना सुचत राहोत.

मंडळाला एवढीच विनंती. या ग्रंथाची पहिली प्रत ओक्लाहोमाच्या आजींना पाठवावी, मराठी येत नसलं तरी. जुनी कॅसेट ताईंच्या मुलाला द्यावी, त्याला गुरुजींचा आवाज आवडतो. यंदाचा नारळ ताईंच्या हातात द्यावा, संकल्पाचा मान रेवाला. नारळीभाताचा मोठा डबा ताईंच्या घरी जावा. आणि परतताना रेवाच्या गाडीतली पुढची सीट मला. ताईंनी एकदा मागे बसून डबे सांभाळावेत.