आत्याबाईंची टाकी

दुर्गंधीवर मनापासून माया करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याबाई. खामगावकडच्या पिंपळगाव राजाच्या बाजूला त्यांचं गाव. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण विज्ञान काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडायला गेलो, तर त्यांनी ना पगार विचारला ना घर. मी मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे, एवढं कळताच म्हणाल्या, "जावईबापू, मंग तो चोथा आन् आंबलेलं पानी कुठी टाकता जी?"

"नाल्यात," मी खालमानेनं सांगितलं.

"अरारारा! सोनं फेकून राह्यले तुमी!"

आठवड्याभरात त्या कारखान्यात हजर झाल्या आणि ते सोनं स्टीलच्या डब्यात भरून एसटीत बसल्या. वासानं हैराण होऊन कंडक्टरनं त्यांना डब्यासकट मध्येच उतरवलं. उरलेली वाट त्या उन्हातून चालत गेल्या आणि रात्री फोन करून मला काय सांगितलं, तर डबा अजिबात सांडला नाही! पर्समध्ये त्यांच्या लिटमसचे कागद असत. लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्यातही त्यातला एक बुडवून बघताना मी त्यांना पाहिलंय.

वर्षभरात शाळेलगतच्या त्यांच्या वावरात चोथा कुजवून गॅस करणारी टाकी उभी राहिली. आमच्या मालकांचा नाल्याचा प्रश्न सुटला, टाकीतून निघणाऱ्या रबडीच्या खतावर आजूबाजूची कपाशी तरारली, आणि गॅस नळीनं शाळेच्या खिचडीच्या चुलीवर गेला. खरं तर सगळा खटाटोप त्या चुलीसाठीच होता. खिचडी रांधणाऱ्या रुखमाबाईंचे डोळे धुरानं इतके बिघडले होते, की डॉक्टरांनी चुलीसमोर बसायचंच नाही म्हणून बजावलं होतं. आणि चूल सोडली तर काम सुटणार होतं.

टाकीला रोज अर्धी ट्रॉली चोथा, हा आत्याबाईंचा दंडक होता. पण एकदा कारखान्यात तपासणी येणार म्हणून आवार रिकामं करायच्या घाईत मी एकाच दिवशी चार ट्रॉल्या पाठवल्या. आत्याबाई त्या दिवशी खामगावला गेलेल्या; ट्रॅक्टरवाल्यानं सगळा माल टाकीत ओतून दिला. चौथ्या दिवशी गॅस बंद. वास असा सुटला की गाव नाक धरून त्यांच्या दारात आलं. रुखमाबाई पुन्हा लाकडं पेटवू लागल्या. सरपंच म्हणाले, "बाई, आता बुजवा हे."

"आजारी मानसाले कोनी बुजवते काय?" आत्याबाई म्हणाल्या. "पोट बिघडलं हाय त्याचं. तीन हप्ते द्या मले."

मग टाकीचं पथ्य सुरू झालं. कारखान्याचा माल बंद. फक्त शेणकाला आणि बेतानं चुन्याची निवळी. सकाळ-संध्याकाळ लिटमस बुडवायचा, टाकीला कान लावून बसायचं. मी रोज कामावरून परस्पर मोटरसायकलनं जायचो आणि मुकाट्यानं शेण कालवायचो. चार ट्रॉल्या पाठवायला मीच सांगितलं होतं, हे मात्र तोंडातून निघेना. विसाव्या दिवशी, गॅस साठला की वर सरकणारी टाकीची टोपी चार बोटं वर आली. रुखमाबाईंनी काडी ओढली आणि निळी ज्योत उभी राहिली. आत्याबाई रुखमाबाईंच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आता गुडघे थकले म्हणून लेकानं त्यांना पुण्याला नेलंय. टाकी गावातल्या बायका चालवतात. परवा भेटायला गेलो तेव्हा धीर करून मी सगळं कबूल केलं. त्या हसल्या.

"मले मालूम होतं जी. ट्रॅक्टरवाल्यानं त्याच दिवशी सांगतलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलली असती तं तुमी लाजेनं आले नसते. मले एकटीनं कालवनं झालं नसतं."

निघताना त्या लिफ्टनं खाली फाटकापर्यंत आल्या. माझी रिक्षा वळेपर्यंत, काठीवर दोन्ही हात ठेवून, तिथंच उभ्या होत्या.