बाहुलीचा टीव्ही

माझी चार वर्षांची लेक भातुकली मांडून बसली होती. बाहुलीला भरवायची वेळ झाली, तेव्हा तिने बुटांचा रिकामा खोका बाहुलीसमोर उभा केला. "टीव्ही लावलाय. आता गप गिळ," म्हणाली. शब्द माझे, चीडही माझीच. मग ती बाहुलीच्या बाजूला बसून, तिच्या तोंडाकडे न बघता घास कोंबू लागली. मीही रोज बाजूलाच बसते. समोर बसलं तर पडदा झाकला जातो. पोट भरतं, ओटा लवकर आवरतो, आणि त्यालाच मी आईपण म्हणते. जेवताना तिने माझ्याकडे शेवटचं कधी बघितलं, आठवत नाही.

न राहवून मी बाहुली आणि खोक्याच्या मधे जाऊन बसले.

"आई, सरक ना," लेक खेकसली. "तिला दिसत नाहीये."

मी सवयीने सरकले.