ओट्यावरचा जपानी देव

मी उमरग्यात एका लॅबमध्ये रक्त तपासते. जे रिपोर्टात येत नाही ते मी मानत नाही. कुणाच्या अंगात आलं म्हणून कुणी सांगत आलं, तर आधी शुगर बघा म्हणणारी मी... तरीही हे लिहितेय.

गेल्या दिवाळीत माझी नणंद सुजाता जपानहून आली, ती एक लाकडी मुखवटा घेऊन. काळाकुट्ट, डोळे वटारलेला. तिकडं म्हणे काही भागांत जुन्या घरांतून चुलीजवळच्या खांबावर असा देव टांगतात, तो विस्तवावर लक्ष ठेवतो. धुरानं काळा झालेलाच बरा. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला चिंचेनं घासून काढलं, शेंदूर लावला आणि ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलं. सुजाता हसून हसून बेजार. तेव्हापासून पहिल्या भाकरीचा तुकडा रोज त्याला.

सासूबाईंना हल्ली विसरायला होतं. दोनदा गॅस चालू ठेवून त्या शेजारी जाऊन बसल्या, भांडी जळाली. शेवटी ह्यांनी स्वयंपाकघराला कुलूप लावायचं ठरवलं. मी दिवसभर लॅबमध्ये, हे दुकानात. चूक तरी कसं म्हणू? पण जिचा जन्म चुलीपुढं गेला तिलाच आत जाऊ नका म्हणायचं... माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

त्या रविवारी दुपारी हे कुलूप आणायला गेले. सासूबाई गॅसवर दूध ठेवून अंगणातलं वाळवण बघायला गेल्या. मी मुद्दाम दारातच थांबले, त्यांना आठवतं का ते बघायला. नाही आठवलं. दूध काठाला आलं, मी पाऊल उचललं — आणि टक्‌ करून गॅसचं बटण फिरलं. माझ्या डोळ्यांदेखत. आच विझली, दूध खाली बसलं. ओट्याजवळ कुणीही नव्हतं.

सासूबाई पदराला हात पुसत आत आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "केला व्हय बंद? शाणा हाय."

"आत्या, कुणाला म्हणताय?"

"त्याला. म्या इसरते, त्यो न्हाय इसरत." मग माझ्याकडं न बघताच हळू आवाजात, "तुमी कुलूप लावा बाई. पर त्याला आत उपाशी ठिवू नगा."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला रडू आवरेना.

कुलूप लागलं नाही. ह्यांच्याशी भांडण झालं, ते होणारच होतं. शेगडी दुरुस्तीवाल्याला दाखवली. बटण चांगलं घट्ट आहे, आपोआप फिरणं शक्य नाही, म्हणाला. मग काय होतं ते? हल्ली सासूबाई मला कधीकधी सुजाता म्हणून हाक मारतात, मी ओ देते. आणि लॅबला निघताना, कुणी बघत नाही असं पाहून, ओट्यासमोर क्षणभर उभी राहते आणि सांगते, "आत्या एकट्या हायत... जरा बघा."