खरखरीत तांबं

तांबं घासायचा मला लहानपणापासून तिटकारा. आमचं घर पिढ्यान्पिढ्या बेंगळूरचं. दसरा आला की आई चिंच देऊन मला भांड्यांपुढे बसवायची. नव्वदच्या दशकात पीएचडीला लागले, तर प्रयोगशाळेतही तेच! आमचा लेसरचा झटका इतका क्षणिक, की अणूला जागचं हलायलाही फुरसत मिळत नसे. तो तांब्याच्या चकतीवर पडला की तिथल्या तिथे दाट प्लाझ्मा होई, त्यातून इलेक्ट्रॉन उधळत आणि क्ष-किरण निघत. चकती आरशासारखी लख्खच हवी, हा सरांचा दंडक.

मला ते पटेना. आरसा प्रकाश परत फेकतो. मग तांबं गिळणार काय, कपाळ? मी एक चकती अर्धीच घासली. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सगळे यंत्रं पुसण्यात गुंतले होते, तेव्हा मी लेसर चालवला. लख्ख बाजूला क्ष-किरण मोजणाऱ्या यंत्राचा काटा जेमतेम हलला. खरखरीत बाजूला टुणकन वर गेला!

सरांना दाखवलं, तर म्हणाले, "हा लेसरच्या विजेचा गोंगाट. क्ष-किरण कुठले? प्रयोग तुझं काम नाही. दसऱ्यानंतर टेबल रिकामं कर, कागदावर गणितं मांड. मुलींना तेच बरं. आणि उद्या पूजेला कुंकू तू लाव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टेबल मी सोडणार नाही, सर. आत्ताच बघा. गोंगाट असेल तर शिशाला जुमानणार नाही. क्ष-किरण असतील तर अडतील."

खरखरीत बाजूवर लेसर पुन्हा चालवला आणि मोजणी यंत्रापुढे शिशाचा पत्रा धरला. काटा पडला. पत्रा काढला, काटा वर. सरांना माझ्या हाताचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतः पत्रा लावून पाहिला. पुन्हा काटा पडला. असा आनंद झाला म्हणून सांगू, ओरडावंसं वाटलं!

"सरी," सर कानडीत पुटपुटले. "बरं, टेबल राहू दे तुझ्याकडे. पण पूजेआधी ती चकती पूर्ण घास. पाहुणे येतात, बरं दिसत नाही."

"नाही घासणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार घातलेल्या चकचकीत यंत्रांपुढे, अगदी मधोमध, मी माझी चकती ठेवली. सरांनी कुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. पाहुणे बघत होते. मी त्या खरखरीत अर्ध्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि बाकी यंत्रांसाठी वाटी सरांना परत दिली.