क्रँक पुलीचा बोल्ट

साठी उलटल्यावर लिहायला बसण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मी लेखिका नाही. शिवाय जे सांगायचे आहे, ते सांगण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, याचीही खात्री नाही.

महाविद्यालयात तीस वर्षे मी कंपने आणि त्यांचे शमन हा विषय शिकवला. परंतु कंपन शमवणारी वस्तू हातात घेतली ती निवृत्तीनंतर, उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये. काम शिकवाल का, असे मी भीतभीतच विचारले होते. मिस्त्री म्हणाले, "शिकवतो की. पण मॅडम, हितं फळा न्हाय. चुकलं तर पुसता येत न्हाय."

माझ्या धाकट्या भावाच्या जुन्या गाडीची क्रँक पुली बदलायची होती. मध्ये लोखंडी गाभा, बाहेर जड कडे आणि दोहोंमध्ये रबर. इंजिनाच्या दांड्याला बसणारे पीळ हे रबर सोसते. जुन्या पुलीचे रबर फाटले होते. नवी मी स्वतः बसवली. खाच जुळवली आणि हातोडा न वापरता बोल्ट फिरवत फिरवत ती आत ओढून घेतली. उरले होते फक्त टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून देणाऱ्या पान्याने, बोल्ट शेवटचा आवळणे.

त्या दिवशी खंडेनवमी होती. धुतलेल्या चादरीवर हत्यारे मांडत असलेल्या मिस्त्रींच्या पत्नीने माझ्या हातातला पानाही काढून घेतला. "द्या हिकडं, बाई. देवापुढं काय अर्धीच हत्यारं ठेवायची?" एकदा हळदकुंकू वाहिले, की दसऱ्यापर्यंत त्या हत्यारांना कोणी हात लावत नाही. आरतीसाठी शेजारची मंडळी जमली होती. तेवढ्यात मिस्त्रींनी विचारले, "मॅडम, बोल्ट फुल टाईट केलासा न्हवं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्यासाठी पूजा थांबवा, असे म्हणणे मला जमले नाही. मी "हो" म्हणाले. उद्या सर्वांच्या आधी येऊन आवळीन, असे मनाशी ठरवले.

दसऱ्याच्या सकाळी गाडीची जागा रिकामी होती. गाडी आपल्याच दारात पुजावी म्हणून भावाने ती आदल्या संध्याकाळीच नेली होती, आणि आता भावजयीला घेऊन तो मलकापूरला निघाला होता. फोन उचलेना. मी मिस्त्रींना खरे सांगितले. चादरीवरचा पाना त्यांनी फुलांसकट उचलला.

आम्ही वाटेत असताना भावाचा फोन आला. मलकापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली होती. जाऊन पाहिले, तर पुलीवरून फिरणाऱ्या पट्ट्याच्या चिंध्या झाल्या होत्या आणि पुली तिरकी लोंबत होती. भावजय रस्त्याकडेला बसली होती.

"काय ओ मिस्त्री!" भाऊ ओरडला. "बोल्ट आवळायला यीत न्हाय तर गॅरेज कशाला काढलंय? बायको हुती माझी गाडीत!"

"चुकलं, साहेब. माझ्या हातनं ऱ्हायलं."

मी दोन पावलांवर उभी होते. चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्या नावावर जाऊ दिली. आपण अशा आहोत, हे मला ठाऊक नव्हते.

परतताना मी विचारले, "तुम्ही का अंगावर घेतलंत?"

"गॅरेज माझं हाय, मॅडम. तुमास्नी इचारून भागवलं. बोल्टाला पाना लावून बघायचा हुता मी."

त्यानंतर भावाने ही हकिकत नात्यात सगळ्यांना सांगितली. आमच्यापैकी कोणीही आता त्या गॅरेजात गाडी नेत नाही, आणि चारचौघांत मिस्त्रींचे नाव निघाले की लोक हसतात. मी अजून खरे सांगितलेले नाही. रविवारी भाऊ जेवायला येणार आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर पहिले वाक्य कोणते बोलला असता?